थोडंच राहिलंय

“आणि काम संपलं, हे सांगणार कोण?” जोतनाथबाबांनी विचारलं.

चारुदत्त हसला. मांडीवरचा कागद त्यानं बाबांसमोर पसरला.

“हा सांगेल.”

कागदावर रेघांची दाट जाळी होती. कोणत्या दिवशी काय करायचं, ते कोण करणार, आधी काय संपलं म्हणजे पुढचं सुरू व्हायचं... सगळं चौकटीत बसवलेलं. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत चारुदत्त बोकीलनं चौदा वर्षं हेच केलं होतं. कामं आखायची, माणसं लावायची, ठरल्या तारखेला पुरी करून द्यायची. त्याच्या हातून एकही काम रखडलं नव्हतं. मग एक दिवस सगळं सोडून तो बालाघाटाच्या डोंगरातल्या निंभेरीच्या मठात आला आणि म्हणाला, मला शिष्य करून घ्या.

बाबा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. महिनाभर त्याच्याकडून अंगण झाडून घेतलं. मग म्हणाले, “गावाखालची जुनी बारव गाळानं बुजलीय. उन्हाळ्यात बायका दोन कोस पाण्याला जातात. ती मोकळी कर.”

चारुदत्तला बरं वाटलं. झाडू त्याला कधी जमला नव्हता. हे जमणार होतं.

बाबांनी कागदाकडे पाहिलं, पण वाचलं नाही.

“काय करायचंय?”

“गाळ काढायचा. खालचा झरा मोकळा करायचा.”

“कोणासाठी?”

“गावासाठी.”

“माणसं किती?”

“बावीस. वीस गावातली. दगडाच्या कामाला यल्लप्पा पाथरवट आणि त्याची बायको नागम्मा.”

“दिवस?”

“एकवीस.”

“आणि मध्येच काही वेगळंच निघालं तर?”

“त्यासाठीही रकाना आहे, बाबा.”

बाबांनी कागद त्याच्याकडे परत सरकवला.

“झरा लागला की थांब,” ते म्हणाले.

“अर्थात.”

“अर्थात नको म्हणूस. थांबेन म्हण.”

“थांबेन,” चारुदत्त म्हणाला.

*

पहिले चार दिवस काम कागदाप्रमाणे चाललं.

बारव मोठी होती. चौपन्न पायऱ्या. वरच्या तीस उघड्या होत्या, खालच्या गाळात. दोन्ही बाजूंच्या भिंतींत कोनाडे होते, माणूस उभा राहील एवढे. त्यांत पूर्वी कशाच्या मूर्ती होत्या, की काहीच नव्हतं, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

माणसं ओळीनं पायऱ्यांवर उभी राहायची आणि गाळानं भरलेली घमेली हातोहात वर यायची. यल्लप्पा निखळलेले दगड छिन्नीनं नीट करून पुन्हा बसवायचा. तो कमी बोलायचा. दगडावर आधी तळहात ठेवायचा, मग घाव घालायचा.

दुपारी बाराला सगळे वर यायचे आणि लिंबाखाली बसून भाकरी सोडायचे.

पाचव्या दिवशी दुपारी जेवताना खालून आवाज आला.

टक्... टक्... टक्.

चारुदत्तनं घास थांबवला. “खाली कोण राहिलं?”

त्यानं माणसं मोजली. बावीस. यल्लप्पा त्याच्या शेजारीच बसून कांदा फोडत होता.

“ऊन तापलं की दगड वाजतो,” चारुदत्त म्हणाला.

नागम्मानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बाकीचे भाकरीकडे बघत राहिले.

टक्... टक्...

जेवून सगळे खाली उतरले. सकाळी अर्धवट सोडलेली भिंत पुरी झाली होती. दगडाला दगड असा भिडला होता की मध्ये नख जाणार नाही.

“हे तू कधी केलंस?” चारुदत्तनं यल्लप्पाला विचारलं.

यल्लप्पानं दगडावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“ह्यो माजा हात न्हाई, सायेब.”

चारुदत्तनं भिंत पुन्हा एकदा पाहिली. काम चोख होतं. त्यानं कागद काढला आणि त्या चौकटीत बरोबरची खूण केली.

*

नवव्या दिवशी तो मठात गेला. चेहऱ्यावर तेज होतं.

“काम दोन दिवसांनी पुढे आहे, बाबा.”

“माणसं किती आहेत?”

“बावीस.”

“काम किती जणांचं होतंय?”

चारुदत्तनं मनात हिशेब केला. “जास्त जणांचं.”

“कोणाचं?”

“ते... माहीत नाही.”

“विचारलंस?”

“काम मागे पडलं असतं तर विचारलं असतं. पुढे गेलं तर काय विचारायचं?”

बाहेर वारा पडला होता. अंगणातलं एक पानही हलत नव्हतं.

“पाय धुऊन आत येत जा,” एवढंच बाबा म्हणाले. “तिथली धूळ इथं नको.”

चारुदत्तनं खाली पाहिलं. त्याच्या पावलांना पांढरी बारीक भुकटी लागली होती. दगड घासल्यावर पडते तशी. पण त्या दिवशी तो बारवेत उतरलाच नव्हता.

*

तेराव्या दिवशी झरा लागला.

एका म्हाताऱ्यानं पहार मारली आणि फटीतून पाणी असं उसळलं की तो मागच्या मागे बसला. माणसं ओरडली, हसली. कोणीतरी टिकाव हवेत फेकला. तासाभरात तळाशी गुडघाभर पाणी झालं. आधी गढूळ होतं, मग हळूहळू निवळत गेलं.

यल्लप्पानं हात धुतले. हत्यारं पोत्यात भरायला घेतली.

चारुदत्त मात्र भिंतींकडे बघत होता. खालच्या पाच पायऱ्यांचे कोपरे झिजले होते. दोन कोनाड्यांच्या कमानी तुटलेल्या होत्या. आणि हातात आठ दिवस होते. आठ दिवस! एवढं चांगलं काम असं टवके उडालेलं कसं सोडायचं?

“यल्लप्पा, पोतं खाली ठेव. एवढ्या पाच पायऱ्या करू. मग थांबू.”

“पाणी लागलं की सायेब.”

“हो, लागलं. पण काम पूर्ण होईपर्यंत कोणी पाण्याला हात लावायचा नाही. गढूळ होतं.”

यल्लप्पानं पोतं ठेवलं. का कोण जाणे, त्यानं एकदा वर आभाळाकडे पाहिलं. बारवेच्या तळातून ते पोळीएवढं दिसत होतं.

पाच पायऱ्या झाल्या. मग त्यांच्या शेजारी सहावी जुनी दिसायला लागली. ती झाली. कमानी झाल्या. कमानींमुळे कोनाडे उघडे-बोडके वाटायला लागले. एकविसावा दिवस आला आणि गेला. चारुदत्तनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्या रेघा ओढल्या. दर दुपारी खालून आवाज यायचा. आता त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं. तो आवाज एकाच छिन्नीचा राहिला नव्हता, तरीही.

कठड्याशी बायका रिकामे हंडे घेऊन यायच्या. खाली चमकणारं पाणी बघायच्या.

“सायेब, पानी कवा?”

“थोडंच राहिलंय,” चारुदत्त सांगायचा.

त्या जायच्या. दोन कोस लांब.

*

अठ्ठाविसाव्या दिवशी उन्हं वर आली असताना नागम्मा मठात आली. पायरीवर बसली नाही. उभीच राहिली.

बाबा आणि चारुदत्त ओसरीवर होते.

“म्हाराज, माजा मानूस चार दिस झाले वर आला न्हाई.”

चारुदत्तनं मान वर केली. “असं कसं? त्याचं काम तर रोज होतंय.”

“काम हुतंय,” नागम्मा म्हणाली. “त्यो वर येत न्हाई.”

“झोपतो कुठे?” बाबांनी विचारलं.

“झोपत न्हाई.”

“जेवतो?”

“भाकर ठिवून येते. दुसऱ्या दिशी तशीच असती. वर पांढरी भुकटी.”

“बोलतो?”

“एकच बोलतो...” तिनं चारुदत्तकडे बोट केलं. “जे ह्ये सायेब बोलत्यात, त्येच.”

चारुदत्तनं कागद उलगडला. यल्लप्पाच्या नावापुढे गेल्या चारही दिवसांच्या खुणा होत्या. त्यानंच केलेल्या. काम दिसलं की खूण. या चार दिवसांत यल्लप्पाचा चेहरा आपण पाहिला का, ते तो आठवायला लागला. आठवेना. त्याच्या आधीच्या आठवड्यातलाही आठवेना.

त्यानं कागद तिथेच टाकला आणि तो पळाला.

मागून बाबांचा आवाज आला, “हो पुढे. मी माझ्या चालीनं येतो.”

*

बारवेशी पोचला तेव्हा बारा वाजले होते. माणसं लिंबाखाली बसली होती. कोणी त्याला अडवलं नाही. कोणी त्याच्याबरोबर उठलंही नाही.

तो उतरायला लागला. सवयीनं पायऱ्या मोजत होता.

चाळीस... पन्नास... चौपन्न.

पाय केव्हाच पाण्यात पडायला हवा होता. तो आणखी एका पायरीवर टेकला.

पंचावन्न. साठ. चौसष्ट.

या पायऱ्या त्याच्या कागदावर नव्हत्या. त्या कोरड्या होत्या, नव्या होत्या, कडा धारदार. ऊन वरच राहिलं होतं. हवा गार होती आणि दाताखाली भुकटी कचकचत होती. आवाज आता चारही बाजूंनी येत होता. टक्, टक्, टक्, टक्. पन्नास हात असावेत. शंभर असावेत. प्रत्येक कोनाड्यात काहीतरी हलत होतं आणि त्यानं मान वळवली की थांबत होतं.

शहात्तराव्या पायरीवर यल्लप्पा होता.

गुडघ्यांवर बसलेला. केस, भुवया, ओठ पांढरे. हातातली छिन्नी चालू होती.

“यल्लप्पा, चल वर.”

यल्लप्पानं वर पाहिलं नाही. “थोडंच ऱ्हायलंय, सायेब.”

आणि डावीकडून, उजवीकडून, खालून, खूप खालून, जुन्या कोरड्या गळ्यांतून तेच आलं...

“थोडंच ऱ्हायलंय.”

“थोडंच.”

“थोडंच ऱ्हायलंय.”

चारुदत्तनं यल्लप्पाचा दंड धरला. दंड दगडासारखा गार होता. त्याला ओढून उठवावं म्हणून तो वाकला आणि त्याची नजर त्या दगडावर गेली.

खरंच थोडं राहिलं होतं. एक कोपरा फक्त. तीन बोटं रुंद. चार घाव घातले असते की झालं असतं. एवढ्यासाठी सोडून जायचं?

शेजारी एक छिन्नी पडली होती. चारुदत्तनं ती उचलली.

पहिला घाव नीट बसला. दुसरा त्याहून नीट बसला. त्याला खूप शांत वाटलं. इतकं शांत त्याला मठात महिनाभर झाडून कधी वाटलं नव्हतं. आता कोणाला काही सांगायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. कोपरा झाला. कोपऱ्याशेजारी एक टवका दिसला. तोही थोडासाच होता...

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही.

“पाणी कोणी प्यायलं का रे?”

जोतनाथबाबा वरच्या पायरीवर उभे होते. काठी टेकवून, धापा टाकत. हातात नागम्माचा पितळी तांब्या होता.

छिन्न्या चालू राहिल्या.

“चारुदत्ता, तुला विचारतोय. पाणी कोणी प्यायलं?”

चारुदत्तनं छिन्नी न थांबवता उत्तर दिलं. “नाही... काम पूर्ण झालं नाही अजून. थोडंच...”

“गप.”

बाबा खाली बसले. भिंतीच्या सांध्यातून एक बारीक धार ओघळत होती. चारुदत्तला ती आतापर्यंत दिसली नव्हती. बाबांनी तांब्या तिच्याखाली धरला. तो भरेपर्यंत थांबले. घाई केली नाही.

मग तांब्या तोंडाला लावला आणि पाणी प्यायले. घटाघटा, तहानलेला माणूस पितो तसे. छातीवर सांडलं. त्यांनी मनगटानं तोंड पुसलं.

“गोड आहे,” ते म्हणाले. मोठ्यानं नाही. शेजारच्याला सांगावं तसं. “पाणी गोड आहे, बाबांनो. झालं काम. पुरे.”

एक छिन्नी थांबली.

मग आणखी एक. मग एकदम बऱ्याच, पाऊस ओसरावा तशा. खूप खोल कुठेतरी एकच चालू राहिली होती. टक्... टक्... बाबा वाट बघत राहिले. ...टक्.

तीही थांबली.

इतकी शांतता झाली की चारुदत्तला धारेचा आवाज ऐकू आला.

“झालं?” यल्लप्पानं विचारलं. त्याच्या पापण्यांवरची भुकटी ओली झाली होती.

“झालं,” बाबा म्हणाले. “ठेव खाली.”

यल्लप्पानं छिन्नी ठेवली. चारुदत्तनं आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ उघडत नव्हती. बाबांनी त्याचं एकेक बोट सोडवलं.

मग पावलं वाजायला लागली. अनवाणी, जड, दमलेली. ती त्यांच्या दोन्ही बाजूंनी वर जात होती. चारुदत्तच्या खांद्याला कोणाचा तरी खांदा लागून गेला. कोणीतरी खोकलं. कोणीतरी एक नाव पुटपुटलं, बायकोचं असावं. त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. बाबांनी त्याचा हात धरून ठेवला.

“जाऊ दे त्यांना आधी,” ते म्हणाले. “ते आपल्याआधीपासून थांबलेत.”

*

वर येताना चारुदत्तनं पायऱ्या मोजल्या. चौपन्नच भरल्या. मागे वळून पाहिलं तर तळाशी पाणी होतं, कमरेएवढं, स्वच्छ.

यल्लप्पा उन्हात बसून तीन तांबे पाणी प्यायला. नागम्मा त्याचं तोंड पदरानं पुसत होती आणि त्याला शिव्या देत होती. पुसता पुसता पांढऱ्याखालून त्याचा रंग परत आला, तेव्हा ती रडली. मग तो तिथेच, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला.

कठड्याच्या दगडांवर पांढरी पावलं उमटली होती. मोजता येणार नाहीत इतकी. ती लिंबाखालून, जेवणाऱ्या माणसांमधून माळाकडे गेली होती. माणसं बाजूला सरकून बसली होती, जणू कोणाला वाट करून दिली असावी. त्यांना विचारलं तर म्हणाले, वारा आला होता.

वारा नव्हता.

चारुदत्त स्वतः गावात गेला. दारोदार सांगितलं, काम झालं, पाण्याला चला. संध्याकाळपर्यंत बायकांनी हंडे भरून नेले. एका म्हातारीनं खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले आणि ती उठायलाच तयार होईना.

उन्हं कलल्यावर तो मठात परतला. पाय धुतले. दोनदा धुतले. मग बाबांसमोर बसला.

“ते कोण होते?”

“पाथरवट. ती बारव बांधायला लावलेले.”

“मग गेले का नाहीत?”

“ज्यानं लावलं तो दुसऱ्या कामाला गेला. की मेला. पुरे म्हणायला कोणी आलंच नाही.”

“किती वर्षं झाली?”

“त्यांनाही ठाऊक नसेल.”

चारुदत्तची बोटं अजून वाकडीच होती. ओसरीवर सकाळचा कागद पडला होता. तो त्यानं उचलला नाही.

“बाबा, तुम्ही आला नसतात तर मी...”

“हं.”

“मला वाटत होतं, मी फक्त एक कोपरा करतोय.”

“हं.”

माळावर अंधारून यायला लागलं होतं...

“एक विचारू?” चारुदत्त म्हणाला. “एवढी वर्षं ते कोणाचं ऐकत नव्हते. तुम्ही नुसतं पाणी प्यालात. तेवढ्यावर ते थांबतील, हे तुम्हाला कसं ठाऊक होतं?”

जोतनाथबाबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

“मला ज्यानं वर बोलावलं,” ते म्हणाले, “त्यानंही तेवढंच केलं होतं.”